तेर्साची लय आणि लदैनीची सोबत

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतून तिन्हीसांजेला एका सुरात म्हटला जाणारा तेर्स, म्हणजे जपमाळेवरची मारियेची प्रार्थना (रोझरी), मला लहानपणापासून परिचित आहे. त्याचा शरीरावर होणारा परिणाम मात्र पुष्कळ उशिरा कळला. इटलीतील पाविया विद्यापीठाच्या लुचानो बेर्नार्दी यांनी सहकाऱ्यांसह 23 निरोगी व्यक्तींवर केलेला अभ्यास 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तेर्सात पुन्हा पुन्हा येणारी ‘आव्हे मारिया’ ही प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणताना श्वसन आपोआप मिनिटाला सुमारे सहा श्वासांपर्यंत संथ होते आणि रक्तदाबाचे नियमन करणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तत्पर होते, असे त्यांना आढळले. योगमंत्राच्या जपाचा परिणामही तसाच होता. नमान मारियेचा, म्हणजे ‘आव्हे मारिया’च्या कोकणी रूपाचा, अर्धा भाग एकाने म्हणायचा आणि उरलेला इतरांनी, या रीतीमुळे श्वासाला मिळणारी उसंत मला फार मोलाची वाटते.

दुसरा लाभ संगतीचा. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रूसापुढे) लदैन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होते, तेव्हा एकटी राहणारी वृद्ध माणसेही घराबाहेर येतात आणि ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांची आस्थेने विचारपूस होते. अमेरिकेतील सुमारे 74 हजार परिचारिकांच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांचे मृत्युप्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा 33 टक्के कमी दिसले. हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने कार्यकारणभाव त्यातून ठामपणे सिद्ध होत नाही.

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात मधुमेहाच्या रुग्णांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच उपवास करावा. आजारी व्यक्तींना चर्चही त्यातून सूट देते.