बारा फूट कशाचे?

आमचं मूळ काम बिल्डरांची मॉडेलं करायचं. त्यांना झाडं हिरवीगार, रस्ता रुंद आणि शेजारची झोपडपट्टी गायब लागते, बाकी तक्रार नसते. त्यामुळे पुण्यातल्याच एका गिऱ्हाइकाने युद्धखेळाच्या सहा बाय चार फुटी टेबलासाठी अलेसियाच्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या गॉलांच्या गावाला सीझरने घातलेल्या वेढ्याची तटबंदी मागितली, तेव्हा वर्कशॉपमध्ये सगळ्यांनाच हुरूप आला. शिसाचे, अठ्ठावीस मिलिमीटर उंचीचे सैनिक, एका बाजूला रोमन, दुसऱ्या बाजूला गॉल, आणि मध्ये सीझरने इ.स.पू. 52 मध्ये बांधलेली तटबंदी. अट एकच होती, ‘आकडे सीझरचे हवेत.’

सीझरने आकडे दिलेत, हीच अडचण. त्याच्या गॉल युद्धावरच्या टिपणांच्या सातव्या पुस्तकात, मुख्यतः दोन प्रकरणांत, सगळं मोजून लिहिलंय. आतली, वेढलेल्या गावाकडची रांग 11 रोमन मैल, बाहेरची, गावाच्या मदतीला येणाऱ्या गॉलांना अडवणारी, 14. पंधरा फुटी दोन खंदक. त्यामागे बारा फुटांचा मातीचा बांध आणि मेढेकोट, त्यावर विणलेला आडोसा आणि चर्या. दर ऐंशी फुटांवर बुरूज. रोमन फूट 29.6 सेंटिमीटरचा. 1:56 ला, म्हणजे अठ्ठावीस मिलिमीटरच्या सैनिकाच्या प्रमाणात, बुरूज ते बुरूज 423 मिलिमीटर, म्हणजे टेबलाच्या 1830 मिलिमीटरमध्ये चार तुकडे बसतात आणि दोन्ही टोकांना सत्तरेक मिलिमीटर उरतात. इथपर्यंत खुशीत होतो. पण सगळ्यात पुढचा वीस फुटी खंदक त्याने बाकीच्या कामापासून चारशे फूट लांब खणला होता. चारशे फूट म्हणजे आमच्या मापात दोन मीटर अकरा सेंटिमीटर, आणि टेबल रुंदीला 1220. तो खंदक गिऱ्हाइकाच्या बाल्कनीत गेला असता. तो सोडला.

मग ‘बारा फूट’ कशाचे? मातीचे, की माती आणि वरचा मेढेकोट मिळून? वाक्यात दोन्ही एकत्र आहेत. गिऱ्हाइकाचं म्हणणं, नुसती मातीच बारा फूट. मग बांध 63 मिलिमीटर आणि वर माणसाच्या उंचीचं कुंपण. मी एकत्र धरले. माती 40, मेढी 24, चर्यांची टोकं आणखी 8. वाद तीन संध्याकाळ चालला. शेवटी माझं खरं झालं, पण ते लॅटिनच्या जोरावर नाही. बांध 63 चा केला की आतल्या बाजूचा उतार लांबतो आणि रोमनांना मागे उभं राहायला जागाच उरत नाही, हे त्याला टेबलावर फोमचे तुकडे मांडून दाखवलं.

खंदक पंधरा फूट रुंद आणि तितकाच खोल, म्हणजे 79 बाय 79. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खणला तर उतार साठ अंशांच्याही वर जातो. त्यावर शिशाचा सैनिक उभा राहत नाही, घरंगळतो. शिवाय टेबलात खड्डा करता येत नाही, म्हणजे आजूबाजूची सगळी जमीनच उचलावी लागते. तीस मिलिमीटरचा निळा एक्सपीएस फोम घेतला, खंदक पंचवीस खोल ठेवला, तळ तीस मिलिमीटर सपाट, म्हणजे सैनिकाचा पंचवीसचा गोल बेस तिथे टेकतो. मनाची समजूत एवढीच, की 1991 ते 97 च्या उत्खननातही खंदक जागोजागी सीझरच्या आकड्यांपेक्षा उथळच निघाले.

आता ‘लिली’. तीन फूट खोल, खाली निमुळते होत गेलेले खड्डे, आत मांडीएवढ्या जाडीचा टोकदार खुंट, जमिनीच्या वर फक्त चार बोटं, आणि वरून काटक्या पसरून झाकलेलं. रांगा आठ, तिरक्या, फाशावरच्या पाचासारख्या. दोन खड्ड्यांच्या मध्यांमधलं अंतर तीस मिलिमीटर धरलं तरी एका रांगेत साठ, आठ रांगांचे चारशे ऐंशी. चार बोटं आमच्या मापात 1.3 मिलिमीटर. खुंटाला तीन मिलिमीटरची बांबूची काडी, पेन्सिलच्या शार्पनरमध्ये एकदाच फिरवलेली, कारण दोनदा फिरवली की ती टूथपिक दिसते. खड्ड्याचं तोंड बारा मिलिमीटर. त्याहून मोठं केलं की सैनिकाचा बेस आत कलंडतो. आठ रांगांनी टेबलाची 240 मिलिमीटर जागा खाल्ली असती, म्हणून तीनच केल्या. एकशे ऐंशी. गिऱ्हाइकाने मोजल्या.

मेढेकोटासाठी लेझरवाल्याने तीन मिलिमीटर एमडीएफची पट्टी कापून दिली होती. सगळ्या मेढी एका उंचीच्या, कडा जळून काळ्या. लेझरवाल्यांना सरळ रेघेपलीकडे जग दिसत नाही. ती पट्टी बाजूला ठेवून खराटे आणले. नारळाचा हीर बुडाशी दोन मिलिमीटर असतो, म्हणजे खऱ्यात अकरा सेंटिमीटरचं खोड. एका तुकड्याला सुमारे एकशे चाळीस हीर, चार तुकड्यांना साडेपाचशेच्या वर. टोकं कात्रीने नाही, कटरने तिरकी कापायची, कात्री हीर चेचते. आडोशाचं विणकाम काथ्याच्या सुटवलेल्या पदराचं, एक हीर आत, एक बाहेर. आणि माती जिथे आडोशाला भिडते तिथून बाहेर आलेले फाटे, ज्यांना सीझर ‘हरणं’ म्हणतो, ते वाळक्या तुळशीच्या काड्यांचे. इतका बारीक दुबेळका दुसऱ्या कशाला येत नाही.

बाकीचं थोडक्यात. स्प्रे रंगातलं सॉल्व्हंट फोम खातं, म्हणून आधी फेविकॉल आणि तपकिरी इमल्शनचा लेप द्यायचा. आणि जुलैत एमडीएफच्या एकाच बाजूला फेविकॉल-वाळू लावली की दुसऱ्या दिवशी पाट केळीच्या पानासारखा वळतो. आधी सीलर दोन्ही बाजूंना आणि कडांनाही लावायचा, मगच वाळू.

आम्ही लहानपणापासून दिवाळीचे किल्ले केलेले लोक, त्यामुळे हात आपोआप बुरूज तटाच्या बाहेर काढतो. इथे बुरूज बांधावरच, लाकडी, चार खांबांवर. पहिला बुरूज मी दोनदा पाडला. आणि सगळं पक्कं केलं. मेढ फोममध्ये बारा मिलिमीटर खोल, भोकात फेविकॉल, मागून आडवी बांबूची पट्टी. ओढून बघितलं, हललं नाही. त्याचा मला अभिमान होता.

पोचवलं त्याच संध्याकाळी खेळ लावला. गॉलांनी चटयांनी खंदक भरला, बांधाला भिडले, फासा पडला. गिऱ्हाईक माझ्याकडे वळून म्हणाले, “आता हा भाग काढायचा ना?”

“काढायचा म्हणजे?”

“आकड्या लावून ओढून पाडला की त्यांनी.”

मी म्हटलं, “निघत नाही ते. चिकटवलंय.”

कोणी काही बोललं नाही. मग गॉलांच्या बाजूच्या एका काकांनी दोन बुरुजांच्या मधोमध मेढेकोटावर अंगठा ठेवला आणि दाबला. आधी काही झालं नाही. मग कडकड असा खराटा मोडल्याचा आवाज आला आणि दहा-बारा सेंटिमीटरचा पट्टा आतल्या बाजूला आडवा झाला. काथ्याने धरलेले हीर लोंबत राहिले. काका म्हणाले, “सॉरी हां,” आणि आपला सैनिक फटीत उभा केला. बरोब्बर बसला.

घरी येऊन शहाऐंशीवं प्रकरण उघडलं. आत कोंडलेल्या गॉलांनी माती आणि काटक्यांच्या विणलेल्या तट्ट्यांनी खंदक भरले, विळ्यांनी मेढेकोट आणि आडोसा तोडला, हे सरळ लिहिलंय. मी बांधणाऱ्याची प्रकरणं, बहात्तर आणि त्र्याहत्तर, पाठ होईपर्यंत वाचली होती. पाडणाऱ्याचं वाचलंच नव्हतं. त्याच प्रकरणात आणखी एक निघालं. सपाटीवरच्या कामाचा आवाका बघून त्यांनी तिथला नाद सोडला आणि चढावर हल्ला केला. माझं टेबल सपाट. म्हणजे जिथे खरा तट तुटला, ती जागा मी बांधलेलीच नाही, आणि जिथला नाद त्यांनी सोडला तिथे एकशे ऐंशी खुंट तासत बसलो.

दुरुस्ती सोपी होती. मेढेकोट साठ-साठ मिलिमीटरच्या पट्ट्यांत कापला, म्हणजे दोन सैनिक शेजारी शेजारी आत शिरतील. प्रत्येक पट्टीखाली पाच बाय एक मिलिमीटरची दोन चुंबकं, बांधात पत्र्याची पट्टी. चुंबकाला चुंबक लावू नये, ध्रुव उलटे पडले की पट्टी उडते. सांध्यावर तुळशीचा फाटा टेकवला की चीर दिसत नाही. तुटलेली अवस्था दाखवायला चार वेगळ्या पट्ट्या केल्या, मोडक्या, आत झुकलेल्या.

पण त्या चार नीट जमत नाहीत. कटरने कापला तर हीर स्वच्छ कापला जातो, पक्कडीने मोडला तर एका रेषेत मोडतो. काकांच्या अंगठ्याखाली तो प्रत्येक ठिकाणी वेगळा फाटला, दशा निघाल्या, आतला पिवळा गर दिसला. तो मूळ पट्टा बदलायला गेलो तर गिऱ्हाईक म्हणाले, राहू दे, तो चांगला मोडलाय. आता मोडक्या पट्ट्या करायच्या तर आधी अख्खी पक्की करतो, फेविकॉल एक रात्र वाळू देतो, आणि सकाळी वर्कशॉपमधल्या कुणाला तरी म्हणतो, दाब. लेझरवाला फार जोरात दाबतो.