तुम्ही विचारलेत म्हणून: जहाज रविवारी सुटणार, मग रोममध्ये शुक्रवारीच कशासाठी?

क्रूझचे, म्हणजे समुद्रसफरीचे, जहाज रविवारी संध्याकाळी सुटणार असताना शुक्रवारीच रोममध्ये जाऊन बसायचे आणि दोन रात्रींचे हॉटेलचे भाडे भरायचे, हे कशासाठी, असा प्रश्न नात्यातल्या माणसांनी, सोसायटीतल्या शेजाऱ्यांनी आणि बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी मला वारंवार विचारला आहे. विचारण्याचा सूर बहुधा असा असतो, की ही बाई उगाच घाबरते, किंवा निवृत्त असल्यामुळे हिला दिवसांची किंमत उरलेली नाही. लग्नसमारंभात, लिफ्टमध्ये, फोनवर मी तुटक उत्तरे देत आले आणि प्रत्येक वेळी ती अपुरी पडली, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट अशी, की विमान चुकले तर दुसरे विमान असते, पण जहाज चुकले तर दुसरे जहाज नसते. मुहूर्त सकाळी साडेदहाचा असेल तर कोल्हापूरच्या लग्नाला आपण पुण्याहून आदल्या रात्रीच मुक्कामाला जातो आणि त्याला कोणी पैशांची उधळपट्टी म्हणत नाही. जहाज पाच वाजता सुटणार असेल, तर प्रवाशांसाठी दार तासभर तरी आधी बंद होते, कारण प्रवाशांची अंतिम यादी बंदराच्या अधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. त्यानंतर टर्मिनलच्या दारात पोहोचलेल्या माणसाला, त्याने कितीही पैसे भरलेले असोत, समोर उभे असलेले जहाज फक्त पाहता येते.

दुसरी गोष्ट अशी, की जाहिरातीत ज्याला रोमचे बंदर म्हणतात ते रोममध्ये नाही. चिवितावेक्किया हे गाव रोमपासून सुमारे ७० किलोमीटरवर आहे आणि रोमच्या फियुमिचिनो विमानतळावरून तिकडे थेट रेल्वे नाही. विमानतळावरून सुटणारी लिओनार्दो एक्सप्रेस ही गाडी ३२ मिनिटांत रोमच्या मुख्य टर्मिनी स्थानकावर नेते, पण ते उलट्या दिशेला शहराच्या आत जाणे होते. त्यापेक्षा विमानतळावरच्या साध्या गाडीने रोमच्याच त्रास्तेव्हेरे स्थानकावर उतरून चिवितावेक्कियाची गाडी पकडणे सोयीचे, मात्र बॅगा घेऊन जिने चढ-उतार करण्याची तयारी हवी. पुढे चिवितावेक्किया स्थानकापासून बंदरातल्या लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत जायचे आणि तिथून बंदराची बस जहाजापर्यंत सोडते. यातला एकही टप्पा अवघड नाही, पण प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो आणि प्रत्येक ठिकाणी रांग असते. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होऊन होतात. अशा दिवशी प्रादेशिक गाड्यांची हमी कामाच्या वारी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ एवढीच असते आणि रविवारी तीही नसते. टॅक्सी मिळते, पण ज्या सकाळी बंदरात तीन जहाजे उभी असतात त्या सकाळी तिचा भाव तुम्ही ठरवत नाही.

इतके सांगूनही समोरचा माणूस म्हणतो, की विमान सकाळी पावणेसातला उतरते आणि जहाज संध्याकाळी पाचला सुटते, म्हणजे हाताशी दहा तास आहेत, ते पुरत नाहीत का? पुरतात, पुष्कळदा पुरतात. माझ्या धाकट्या भावाचा हिशोब नेमका हाच होता आणि तो हिशोब मूर्खपणाचा नव्हता, हे मला आधी नोंदवायचे आहे, कारण नंतर नात्यात त्याच्याविषयी जे बोलले गेले ते मला मान्य नाही.

आईच्या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही ही सफर ठरवली होती. रोमहून निघायचे, एक दिवस पाण्यावर, मग ग्रीसचे सांतोरिनी बेट, तुर्कस्तानातले कुशादासी, पुन्हा ग्रीसचे मिकोनोस बेट, परतताना नेपल्स आणि पुन्हा चिवितावेक्किया. मी आईला घेऊन शुक्रवारीच पोहोचले. भावाला शनिवारी दुपारपर्यंत कार्यालय होते आणि मुलाची प्रवेशपरीक्षाही त्याच सकाळी होती, म्हणून त्यांनी शनिवारी संध्याकाळी मुंबईहून सुटणारे विमान घेतले. आखातात एक थांबा, पुढे रोम, सगळे तिकीट एकाच पीएनआरवर. महिना जूनचा होता. त्या संध्याकाळी मुंबईत पावसाने असे काही धरले, की त्यांना घेऊन जाणारे विमान मुंबईत उतरूच शकले नाही आणि ते दुसऱ्या शहराकडे वळवले गेले. ते परत येऊन मध्यरात्रीनंतर सुटले तोवर आखातातून रोमला जाणारे पुढचे विमान निघून गेलेले होते.

तिकीट एकत्र असल्यामुळे कंपनीने त्यांना नवे विमान दिले, जेवणाची कुपनेही दिली. पण नवे विमान दुपारचे होते आणि ते रोमला संध्याकाळी साडेसातला उतरणार होते. सकाळच्या विमानाच्या प्रतीक्षायादीत त्यांची नावे घातली गेली आणि त्या आशेवर आम्ही रविवारी सकाळी रोमहून निघालो. आई व्हीलचेअरवर होती, बॅगांच्या मुठींना मी जहाजाच्या कागदी पट्ट्या घडी घालून स्टेपल करून लावल्या होत्या, पाचही बॅगांच्या पट्ट्या माझ्याकडेच छापलेल्या होत्या आणि त्यातल्या तीन पर्समध्ये तशाच राहिल्या होत्या. लार्गो देल्ला पाचेला बसमधून उतरताना भावाचा फोन आला. सकाळच्या विमानात एकच जागा निघाली होती. एकट्याने यावे का, असे त्याने मला विचारले नाही. जागा सोडली एवढेच सांगितले आणि म्हणाला, "ताई, तू आईला घेऊन चढ. आम्ही बघतो काय ते."

आई म्हणाली, मी चढणार नाही. ती मोठ्याने बोलली नाही, फक्त व्हीलचेअरच्या चाकाचा ब्रेक तिने हाताने ओढून धरला. ढकलायला आलेला मुलगा बाजूला थांबला आणि आमच्या मागची रांग आम्हाला वळसा घालून पुढे जाऊ लागली. मी तिच्यापुढे जमिनीवर बसून तिला समजावत राहिले. त्यांचे तिघांचे पैसे गेलेच आहेत, आपण चढलो नाही तर पाचांचे जातील, रोममधले हॉटेल आपण सोडले आहे, तुझ्या औषधांची बॅग आत्ताच पट्ट्यावरून आत गेली आहे, हे सगळे मी तिला सांगितले. जहाज कंपनीच्या खिडकीवर जाऊन पुढच्या बंदरात त्यांना चढता येईल का, हेही विचारून आले. तिथली मुलगी सभ्य होती. कागदपत्रे आणि परवानगी मिळाली तर सांतोरिनीला चढता येईल, पण तिथवर येण्याची सोय आणि खर्च त्यांचा, असे तिने सांगितले. रोमहून अथेन्स, अथेन्सहून बेट, तिघांची आयत्या वेळची तिकिटे, आणि त्यांच्या बॅगा तर अजून आखातातच होत्या. अखेर आईने ब्रेक सोडला. तिला पटले म्हणून सोडला असे मी म्हणणार नाही. तिने सोडला, एवढेच.

त्या रात्री जेवणाचे टेबल पाच जणांचे होते. वेटर तीन खुर्च्या उचलायला आला तेव्हा आईने त्याला हातानेच थांबवले. तिचा वाढदिवस सांतोरिनीला आला. तिथे मोठे जहाज नांगर टाकून उभे राहते आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर जावे लागते, ते तिच्या गुडघ्यांना शक्य नव्हते. आम्ही दोघी जहाजावरच राहिलो.

नात्यातला दुसरा प्रश्न इथून सुरू होतो आणि तो मला समोरून कोणी विचारत नाही: तुम्ही चढलातच कशा? मला त्याचेही उत्तर द्यायचे आहे. मी चढले नसते म्हणून भावाचे विमान लवकर आले नसते. तो संध्याकाळी साडेसातला उतरला, बॅगांची तक्रार नोंदवून रात्री उशिरा रोममध्ये एका खोलीत पोहोचला, आणि आम्ही थांबलो असतो तर पाच जण त्या खोलीत असतो. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. आणि तरी असेही वाटते, की आईने मागितले होते ते नेमके तेवढेच होते: पाच जण एका खोलीत.

पैशांचे काय झाले, हेही सांगते, कारण यात फार गैरसमज आहेत. विमान उशिरा आले म्हणून युरोपच्या नियमाप्रमाणे भरपाई मिळेल, असे पुष्कळांना वाटते. युरोपीय महासंघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम युरोपातून निघणाऱ्या विमानांना लागू होतो. बाहेरून युरोपात येणाऱ्या विमानाला तो लागू व्हायचा, तर विमान कंपनी युरोपातली असावी लागते. मुंबईहून आखाती कंपनीने रोमला येणारा माणूस त्यात बसत नाही. व्हिसासाठी काढलेला ३०,००० युरोंचा विमा वैद्यकीय उपचारांसाठी असतो, जहाज चुकल्याचे कलम वेगळे पाहून घ्यावे लागते आणि त्याची मर्यादा सफरीच्या भाड्याच्या जवळपासही नव्हती. न आलेल्या प्रवाशाचे भाडे जहाज परत करत नाही. भावाला कर आणि बंदरशुल्क तेवढे परत मिळाले. विमान कंपनीने त्याला रोमला पोहोचवण्याचे कबूल केले होते आणि पोहोचवले. जहाजाशी तिचा करारच नव्हता. हेच विमान जहाजवाल्या कंपनीमार्फत घेतले असते तर निदान पुढच्या बंदरात गाठून देण्याची धडपड तिने केली असती, पण तशी तिकिटे मुंबईहून नेहमी मिळत नाहीत आणि मिळाली तर वेळा आपल्या हातात राहत नाहीत.

माझे स्वतःचे आधीचे मत असे होते, की आदल्या दिवशी पोहोचणे पुरेसे आहे. त्या मताशी मी अजून भांडते. शनिवारी दुपारी रोमला उतरण्याच्या बेताने निघालेल्या माणसाला तशाच पावसाने गाठले, तर तो रविवारी सकाळी पोहोचतो आणि जहाज मिळते, हे खरे. पण त्याची बॅग मिळेलच असे नाही. भावाच्या बॅगा रोमला मंगळवारी आल्या. मंगळवारी जहाज सांतोरिनीला होते, आणि एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जहाजाचा पाठलाग करणाऱ्या बॅगा कुठे कुठे पोहोचतात हे ज्यांनी सोसले आहे त्यांनाच ठाऊक. आता तर १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, सीमेवर बाहेरच्या प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत आली आहे, तिच्या रांगेचा वेळही धरायला हवा. व्हिसाचा हिशोबही दिवसांवरच चालतो. ज्या देशात मुक्काम सर्वात जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा असतो, आणि इटली, ग्रीस, तुर्कस्तान अशा सफरीत रोममधल्या दोन रात्रींनी तो प्रश्न सरळ सुटतो. कुशादासीला जहाज शेंगेनच्या बाहेर जाते, म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा मागावा लागतो, हेही जाता जाता लक्षात ठेवा.

परतीच्या बाजूला मात्र मी इतकी आग्रही नाही. जहाज पहाटे धक्क्याला लागते, आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवलेल्या बॅगा खाली मांडलेल्या असतात आणि नऊ-साडेनऊपर्यंत बहुतेक माणसे उतरतात. दुपारी दोननंतरचे विमान असेल तर त्याच दिवशी निघायला हरकत नाही. त्या दिवशी उशीर झालाच तर हुकते ते विमान, आणि विमान दुसरे मिळते.

नेपल्सला आम्ही भेटलो. भाऊ, वहिनी आणि मुलगा टर्मिनीहून वेगवान गाडीने सव्वा तासात आले आणि बंदराजवळच्या कॅस्तेल नुओव्हो किल्ल्यासमोरच्या रस्त्यावर उभे होते. त्यांना त्या एका रात्रीसाठी जहाजावर घेता येईल का, हे मी विचारले होते. न आलेले प्रवासी म्हणून त्यांची नावे यादीतून गेली होती, म्हणून नकार मिळाला. आईने दुपारभर नातवाचा हात सोडला नाही आणि पिझ्झ्याच्या दुकानात त्याने आणलेला छोटा केक कापला. साडेचारला आम्हाला परत चढायचे होते. या वेळी ब्रेक ओढून धरला नाही, पण जहाजाकडे तिने पाहिलेही नाही.

आता भावाच्या मनात पुन्हा जायचे आहे, बार्सिलोनाहून. तिथे बंदर शहरालाच लागून आहे, त्यामुळे एक दिवस आधी पुरे, असे तो म्हणतो. आईची अट वेगळीच आहे: सगळे एकाच विमानाने जायचे. त्यावर भाऊ म्हणतो, की मग चुकले तर सगळ्यांचेच चुकेल, आणि आई म्हणते, चुकू दे. भावाला रजा मोजूनच मिळते आणि दोन दिवस आधी निघण्याचा माझा सल्ला निवृत्त माणसाला परवडणारा आहे, हा त्याचा मुद्दा मला खोडता येत नाही. त्याची रजा वाढवण्याचा उपाय माझ्याकडे नाही. तिकिटांची चौकशी मी शुक्रवारचीच केली आहे, पाच जणांची.