'काय स्वस्त आहे इथे!' म्हणायच्या आधी

ठाणे, रविवार रात्र

डिसेंबर लागला की घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये परदेशातली मंडळी उतरायला लागतात. मग राम मारुती रोडवर खरेदी करता करता हमखास एक वाक्य कानावर येतं, 'काय स्वस्त आहे गं इथे!' कपडे दाखवणारा पोरगा ते ऐकत असतो. त्याच्या पगारात तो कुर्ता स्वस्त नसतो. जानेवारीत परत गेल्यावर हीच मंडळी म्युनिकमध्ये नाहीतर सिंगापुरात 'काय महाग आहे इथे' म्हणतात, आणि तिथेही कोणीतरी ऐकत असतंच.

दोन्हींत 'स्वस्त' जास्त बोचतं, असं माझं मत. महागाईला स्थानिक लोकही शिव्या घालतात, त्यामुळे तो सूर निदान जुळतो तरी. स्वस्त म्हणणारा मात्र नकळत सांगून टाकतो की माझा खिसा तुझ्यापेक्षा जड आहे. ठाणेकरांना हे वेगळं समजावायला नको. गिरगाव-दादरहून आलेल्यांनी 'ठाण्यात स्वस्तात मोठी जागा मिळाली' म्हणता म्हणता नौपाड्यातले भाव कुठे नेऊन ठेवले, ते इथल्या जुन्या भाडेकरूंना विचारा. लिस्बनचे लोक परदेशी पगारावर लॅपटॉपवरून काम करायला येऊन राहिलेल्यांवर चिडतात ते ह्याच कारणासाठी.

महागाईबद्दल बोलतानाची गफलत वेगळी असते, आणि तिचं मूळ गुणाकारात. युरोचा भाव शंभराच्या घरात, म्हणून प्रत्येक बिलाला शंभरने गुणायचं. जर्मनीत साधे केस कापायला पंचवीस-तीस युरो लागले की 'तीन हजाराला केस कापले' अशी बातमी घरच्या ग्रुपवर जाते. खरा हिशोब तिथल्या मजुरीने करायचा. जर्मनीत किमान वेतन २०२६पासून ताशी १३.९० युरो आहे, म्हणजे केस कापणं हे साधारण दोन तासांचं काम. त्या पैशात कापणाऱ्याचा पगार, त्याचा विमा, दुकानाचं भाडं आणि कर सगळं आलं. हे डोक्यात बसलं की 'लुटतात' हा शब्द आपोआप गळतो. किरकोळ वस्तूच्या किमतीला ताशी किमान वेतनाने भागावं आणि घरभाडं हातात येणाऱ्या पगाराचा कितवा हिस्सा आहे ते बघावं. रुपयांतला आकडा फक्त घरी पैसे पाठवताना काढायचा.

भाड्याबद्दल तर तोंड उघडण्याआधी आकड्यात काय धरलंय ते विचारून घ्यावं. जर्मनीत 'काल्टमीटे' म्हणजे नुसती जागा आणि 'वार्ममीटे'त हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरलेलं. वीज आणि इंटरनेट बहुतेकदा त्याहून वेगळंच. एकाने काल्ट सांगायचं, दुसऱ्याने वार्म, आणि 'तुला फसवलं' म्हणून मोकळं व्हायचं, हे नेहमीचं. डिपॉझिट तिथे कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपर्यंतच घेता येतं, तेही तीन हप्त्यांत भरायची मुभा असते. रेडिओ-टीव्हीचा १८.३६ युरो मासिक आकार घरात टीव्ही नसला तरी लागतो, पण तो घरटी एकच असतो, माणशी नाही. रूममेट असेल तर वाटून घ्या. जर्मन सहकाऱ्यापुढे त्यावरून कुरकुरण्यात अर्थ नाही, त्याची स्वतःची कुरकुर तयार असते.

दुबईत भाडं वर्षाचं सांगतात आणि पुढच्या तारखांचे चेक देतात. चेक जितके कमी तितकी घासाघीस सोपी. ठाण्याच्या महिन्याच्या भाड्याची त्या वार्षिक आकड्याशी तुलना करणारे महाभाग दर वर्षी निघतात. पण आखातात आकड्यापेक्षा जपायचं ते समोर कोण आहे हे. लिफ्टमध्ये, टॅक्सीत, ऑफिसच्या पँट्रीत ऐकणारा माणूस बहुतेकदा केरळचा, नेपाळचा नाहीतर बांगलादेशचा असतो. एका खोलीत चार-सहा जण राहून तो घरी पैसे धाडत असतो. एकाच इमारतीत पगारांची दरी इतकी असते की 'ब्रंचला अमुकच दिरहॅम' हे वाक्य त्याच्यासमोर उच्चारू नये. त्याला पगार तर मुळीच विचारू नये. हिंदी बोलता येतं म्हणून आपण लगेच विचारतो, तिथेच चुकतं.

सिंगापूरला गाडीचा विषय निघाला की सगळेच तुटून पडतात. गाडी बाळगण्याचा परवाना दहा वर्षांचा, तो लिलावात घ्यायचा, आणि त्याची बोली एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेलेली आहे. ही त्यांची घरची तक्रार आहे, आपण ऐकावं आणि मान डोलवावी. घरांबद्दल मात्र 'तुम्हाला सरकार स्वस्तात देतं' असं म्हणू नये. नव्या सरकारी फ्लॅटसाठी तरुण जोडप्यांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि लग्नाची तारीखही त्यावर ठरते. परदेशी माणसाने तिथे घर घ्यायचं म्हटलं तर २०२३पासून ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क आहे. ते का लावलं, हे आधी समजून घेतलं तर बोलण्यातला त्रागा कमी होतो.

अमेरिकेत टिपेबद्दल वाद घालायचाच असेल तर तो वेटरसमोर नको. टिप मिळणाऱ्यांचं केंद्रीय किमान वेतन १९९१पासून ताशी २.१३ डॉलरवर अडकलंय (पुष्कळ राज्यांत जास्त आहे, पण सगळीकडे नाही). टिप टाळली तर मालकाचं सहसा काही जात नाही, जातं ते त्या माणसाचं.

बोलायचं कसं? विधानाऐवजी प्रश्न. 'इथे भाज्या फार महाग' ऐवजी 'भाजी तुम्ही कुठून आणता?' एवढ्यावर समोरचा आठवडी बाजार, डिस्काउंट दुकान, संध्याकाळी भाव उतरवतात ती वेळ, सगळं सांगून टाकतो. 'आमच्याकडे वीस रुपयांत मिळतं' हे वाक्य मात्र गप्पांना ब्रेक लावतं, कारण त्यावर समोरच्याने म्हणायचं तरी काय? कोणी आपणहून भारतातले भाव विचारले तर सांगावेत, पण पगारासकट. नुसता वडापावचा भाव सांगितला की भारत म्हणजे फुकटचा बाजार असं चित्र उभं राहतं.

घरच्यांशी बोलणं त्याहून अवघड. काका थेट 'हातात किती येतात?' विचारणार, आणि आकडा सांगितला की तो संध्याकाळपर्यंत तलावपाळीला पोचणार. 'तिसरा हिस्सा भाड्यात जातो, विमा आणि कर पगारातूनच कापतात, उरलेल्यात नीट चालतं' एवढं उत्तर खरंही आहे आणि पुरेसंही.

सुट्टीवर आल्यावर रिक्षाच्या २६ रुपयांना 'फक्त?' म्हणू नये, सुटे परत घ्यायचे की नाही ते मुकाट्याने ठरवावं. आणि घरकामाच्या मावशींना परस्पर पगार वाढवून देऊ नये. तीन आठवड्यांनी आपण विमानात बसतो, मग वाढलेला आकडा आई-बाबांच्या पेन्शनमधून जातो किंवा कमी करताना मावशींचा अपमान होतो. द्यायचंच असेल तर आईला विचारून, दिवाळीच्या बोनससारखं एकरकमी, तिच्याच हातून द्यावं.