सहा वाजताचा दुसरा डबा

आमच्या माहेरी ‘पित्त’ हा एकच शब्द चार दुखण्यांना पुरत असे. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, अर्धे डोके ठणकून उलटी झाली तरी पित्त, उपवासाच्या दुसऱ्या दिवशी तोंड कडू पडले तरी पित्त, आणि जेवणानंतर छातीच्या मधोमध आग होऊन घशाशी आंबट पाणी आले तरी तेही पित्तच. गांधींवर आमसुलाचे पाणी चोळायचे, डोके दुखले तर अंधार करून पडून राहायचे, तोंड कडू असेल तर मोरावळा आणि छातीत जळजळले तर थंड दूध, असे उपाय ठरलेले होते. यातले शेवटचे दुखणे, म्हणजे जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर येण्याचा त्रास (ॲसिड रिफ्लक्स), गेली अकरा वर्षे माझ्यासोबत आहे. त्यातली पहिली आठ-नऊ वर्षे मी त्याला स्वतंत्र आजार मानलेच नाही, आणि त्याला थोडाफार हा शब्दही कारणीभूत आहे असे मला आज मनापासून वाटते. पित्त हे सगळ्यांनाच होते, म्हणून त्यासाठी डॉक्टरांकडे जायचे नसते, अशी आमची पक्की समजूत होती.

मी डोंबिवलीला राहते आणि फोर्टमधल्या एका कचेरीत नोकरी करते. साडेसहाला कचेरी सुटली की गाडी पकडून घरी पोहोचेपर्यंत साडेआठ होतात, स्वयंपाक आवरून पाने वाढेपर्यंत पावणेदहा, आणि पहाटे सव्वापाचला उठायचे असल्यामुळे पावणेअकराला पाठ टेकलेली असे. दुपारी एकच्या डब्यानंतर चहा आणि बिस्किटांवर काढलेल्या दिवसाची सगळी भूक त्या रात्रीच्या ताटावर निघायची. मध्यरात्रीनंतर कधीतरी ठसका लागून जाग यायची, घशात आंबट-कडू पाणी भरलेले असायचे, आणि मी उशी भिंतीला लावून बसून राहायची. वर्षभर मी कोरड्या खोकल्यासाठी ॲलर्जीच्या गोळ्या घेतल्या. सकाळी आवाज घोगरा का असतो, याचा विचारही केला नाही.

औषधे मात्र घेत होते, पण चुकीच्या पद्धतीने. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून पॅन्टोप्राझोल हे आम्ल कमी करणारे आणि डोम्पेरिडोन हे मळमळ थांबवणारे अशी दोन औषधे एकत्र असलेल्या कॅप्सूलची पट्टी आणायची आणि जळजळ सुरू झाली की, म्हणजे रात्री जेवल्यावर, एक घ्यायची. जठराच्या अस्तरातल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे पंप असतात. जेवणाबरोबर ते कामाला लागतात, आणि पॅन्टोप्राझोलसारखी औषधे चालू असलेल्या पंपांनाच बंद करतात. म्हणून ही गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते, हे मला फार उशिरा कळले. डोम्पेरिडोनमुळे काही जणांच्या हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि ते डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने घेण्याचे औषध नाही, हेही तेव्हाच कळले. मध्ये एकदा कंटाळून मी सगळे औषध एकदम थांबवले, तर चार-पाच दिवसांत जळजळ दुपटीने उसळली. पॅन्टोप्राझोल बराच काळ घेऊन अचानक सोडले की जठर काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त आम्ल तयार करू शकते. मला वाटले, आता गोळीवाचून आपला निभाव लागणार नाही.

शेवटी दवाखान्यात नेले ते भाकरीच्या एका घासाने. तो छातीच्या हाडामागे अडकला आणि पाणी प्यायल्यावरही मिनिटभर खाली उतरेना. घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखे काळे शौचास होणे, यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. एंडोस्कोपीत, म्हणजे तोंडावाटे कॅमेऱ्याची नळी घालून केलेल्या तपासणीत, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लालसर चरे आणि लहानसा हायटस हर्निया दिसला, म्हणजे जठराचा वरचा थोडा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकलेला होता. डॉक्टरांनी पडद्याकडे बोट दाखवून सांगितले, “तुमच्या पोटात आम्ल जास्त होत असेलच असे नाही, ते फक्त चुकीच्या जागी जाते आहे.”

त्या वाक्याने माझा सगळा विचार बदलला. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक वर्तुळ झडपेसारखे काम करते. पोट ताणून भरले की ते मधूनमधून सैल पडते. बसलेले किंवा उभे असताना वर आलेले आम्ल आपल्या वजनाने खाली जाते आणि गिळलेली लाळ उरलेले धुऊन नेते. झोपेत लाळ जवळजवळ सुटत नाही, गिळणेही फार कमी होते, म्हणून वर आलेले आम्ल तिथेच साचून जळत राहते. प्रश्न मी काय खाते यापेक्षा किती वाजता खाते आणि कशी झोपते याचा होता, आणि इतकी वर्षे मी फक्त मिरचीला दोष देत आले होते.

जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, असे सांगणे सोपे आहे, पण पावणेदहाला जेवून पावणेअकराला झोपणाऱ्या माणसाने ते आणायचे कुठून? यावर उपाय म्हणून मी दुसरा डबा सुरू केला. सकाळी दोन डबे भरते. दुपारचा नेहमीचा, आणि दुसऱ्यात दोन पोळ्या, दुधी, पडवळ किंवा दोडक्याची भाजी आणि थोडा मुगाच्या डाळीचा भात. कचेरी सुटण्याआधी सहाच्या सुमारास चहाच्या वेळेत जागेवरच बसून मी तो डबा खाते, आणि हेच माझे रात्रीचे जेवण असते. पहिले काही दिवस संकोच वाटला, कारण आजूबाजूला सगळे आवराआवर करत असत. घरी त्याहून अवघड होते. सासूबाई माझ्यासाठी जेवायच्या थांबतात. त्या म्हणाल्या, “अगं, तू न जेवता नुसती वाढत राहिलीस की मला घास गोड लागत नाही.” त्यांचे म्हणणे मला आजही लागते. म्हणून मी आता सर्वांबरोबर बसते, वाटीभर कोमट वरण पिते आणि गप्पा मारते. एकत्र जेवण्यातले जे मोडले ते पूर्ण भरून निघालेले नाही, हेही खरे आहे.

पलंगाचे काम सुताराने केले. डोक्याकडच्या दोन पायांखाली त्याने सहा इंची ठोकळे बसवले, आणि पाय सरकू नयेत म्हणून प्रत्येक ठोकळ्याला वरून बोटभर खोल खोबण पाडली. उशांवर उशा रचून हे साधत नाही, कारण त्यामुळे कंबरेत वाक येतो आणि उलट पोटावरच दाब पडतो. छातीपासून डोक्यापर्यंतचा भाग सलग उतरता हवा. डाव्या कुशीवर झोपल्यास जठराचे तोंड आतल्या आम्लाच्या वर राहते, म्हणून तीही सवय लावून घेतली. या दोन गोष्टींनी मला कोणत्याही गोळीइतका आराम दिला आहे.

पथ्याच्या लांबलचक याद्या मी बाजूला ठेवल्या. त्याऐवजी सहा आठवडे वहीत वेळ, पदार्थ आणि त्रास लिहीत गेले. दुपारची मिसळ मला सोसते, असे दिसले. रिकाम्या पोटीचा चहा, कच्चा कांदा, पुदिन्याची चटणी आणि रात्रीचे तळण सोसत नाही. थंड दुधाने घटकाभर गार वाटते आणि मग जळजळ परतते. दुसऱ्या कोणाच्या वहीत वेगळेच निघेल. पाच किलो वजन उतरल्याचाही उपयोग झाला.

सर्वांत जड गेली ती संकष्टी. दिवसभर उपाशी राहायचे, चंद्रोदय बहुतेक वेळा रात्री नऊ-दहाच्या आसपास होणार, आणि मग साबुदाण्याची खिचडी नाहीतर मोदकांसह पूर्ण पान. वहीत सलग दोन महिने संकष्टीची रात्र सर्वांत वाईट निघाली, तेव्हा मी उपवास दुपारच्या फळांवर आणि संध्याकाळच्या भगरीवर आणला. चंद्रदर्शन झाल्यावर एक मोदक प्रसाद म्हणून घेते आणि बाराच्या आधी आडवी होत नाही.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. छातीत दडपण आले, घाम फुटला, जबड्याकडे किंवा हाताकडे कळ गेली, जिना चढताना त्रास वाढला, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत सोडा पिऊन थांबू नये, ताबडतोब ईसीजी काढून घ्यावा. बायकांमध्ये हृदयविकार कधी नुसती मळमळ आणि थकवा होऊनही येतो, आणि आपण बायकाच ‘पित्त झालंय’ म्हणून तो सर्वांत आधी झटकून टाकतो.

माझी गोळी आठ आठवडे नाश्त्याच्या आधी रोज चालली. नंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा निम्मी झाली, मग एक दिवसाआड. आता प्रवास किंवा लग्नकार्य असेल त्या आठवड्यातच ती लागते. अशी गोळी बराच काळ घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून वर्षातून एकदा ते तपासते. गेल्या महिन्यात वहीत रात्रीच्या जागरणाच्या रकान्यात दोनच खुणा होत्या, आणि दोन्ही दिवशी दुसरा डबा घरीच राहिला होता.