उपासनासंगीताची प्रात्यक्षिक परीक्षा: साध्या गीताचा कठीण अभ्यास

गेले काही महिने मी चर्चमधील उपासनासंगीताच्या प्रात्यक्षिक प्रमाणपत्राचा अभ्यास करीत आहे. ऑर्गनवादनाच्या इतर परीक्षांहून ही परीक्षा मुळातच वेगळी आहे, कारण वादक किती अवघड रचना वाजवतो यापेक्षा त्याच्या वाजवण्यावर विसंबून मंडळीला, म्हणजे उपासनेला जमलेल्या लोकांना, निर्धास्तपणे गाता येते की नाही, हे येथे पाहिले जाते. अभ्यास पुढे जाईल तसे माझे मत पक्के होत चालले आहे की चार ओळींचे साधे उपासनागीत हाच या परीक्षेचा गाभा आहे आणि तयारीचा सर्वांत मोठा वाटा त्यालाच मिळायला हवा.

अशा परीक्षांची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमधील रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स ही संस्था १८६४ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या परीक्षांत सादरीकरणाच्या रचनांइतकेच महत्त्व गीतवादन, पट्टी बदलून वाजवणे आणि समोर आलेले संगीत पाहताक्षणी वाजवणे या कौशल्यांना असते. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्सने तर उपासनेतील वादनासाठी स्वतंत्र प्रमाणपत्रच ठेवले आहे. जर्मनीत चर्चसंगीतकारांच्या पात्रतेला अक्षरांची उतरंड आहे. त्यातील ‘सी’ परीक्षा इतर व्यवसाय सांभाळून चर्चमध्ये वाजवणाऱ्यांसाठी असते आणि तीत ऑर्गनबरोबर गायकवृंदाचे संचालन, गायन, उपासनाशास्त्र व गीतांचा इतिहास हे विषयही येतात. मला ही जर्मन मांडणी विशेष पटते, कारण जो माणूस गाण्याला साथ करणार आहे त्याला स्वतः गाता आले पाहिजे, हे तीत गृहीतच धरलेले आहे.

गीतवादन वरवर पाहता सोपे वाटते. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास अशा, सर्वांत उंच ते सर्वांत खालच्या, चार आवाजांची स्वरलिपी समोर असते, बास पायांनी पेडलवर वाजवायचा आणि उरलेले तीन आवाज हातांनी. परंतु ही स्वरलिपी गाणाऱ्यांसाठी लिहिलेली असते, आणि ती ऑर्गनवर जशीच्या तशी वाजवली तर चाल तुटक तरी होते किंवा धूसर तरी. मुख्य चालीत एकच सूर लागोपाठ आला तर तो दर वेळी स्पष्टपणे पुन्हा वाजवावा लागतो, नाहीतर मंडळीला लय कळत नाही, कारण ऑर्गनमध्ये आघात नसतो आणि सूर सुटल्याशिवाय नवा सूर सुरू झाल्याचे कानाला समजत नाही. मधल्या आवाजांतील असे सूर मात्र बहुधा जोडून धरले जातात, म्हणजे आवाजाचा पाया अखंड राहतो. हा भेद बोटांत मुरेपर्यंत प्रत्येक गीताचे चारही आवाज वेगवेगळे वाजवावे लागतात, आणि एक आवाज स्वतः गाऊन उरलेले तीन वाजवण्याचा सराव तर मला सर्वांत अधिक उपयोगी पडला आहे.

त्यानंतर येतो श्वास. ओळीच्या शेवटी हात किती उचलायचे, हे शब्द ठरवतात, चाल ठरवत नाही. पहिल्या कडव्यात ओळ संपते तेथे अर्थही संपतो. तिसऱ्या कडव्यात मात्र तेच वाक्य पुढच्या ओळीत वाहत जाते, आणि तेथे वादकाने सवयीने विराम घेतला तर मंडळी वाक्याच्या मध्यावर थांबते. म्हणून मी आता कोणतेही गीत वाजवायला घेण्यापूर्वी त्याची सर्व कडवी मोठ्याने वाचते आणि श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणावून ठेवते. परीक्षक हे ऐकतातच; पण परीक्षेपलीकडेही त्याचे मोल आहे, कारण गाणाऱ्यांना श्वासासाठी जागा ठेवणे हे संगत करणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे. गीत सुरू होण्याआधी वाजवली जाणारी चालही तितकीच जबाबदारीची असते. ती ज्या लयीत वाजते त्याच लयीत गीत सुरू झाले पाहिजे आणि शेवटी ती रेंगाळता कामा नये, अन्यथा पहिला शब्द कधी उच्चारायचा याबद्दल साऱ्या सभागृहात संभ्रम निर्माण होतो.

लयीचा प्रश्न मोठ्या वास्तूत आणखी बिकट होतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. ऑर्गनच्या नळ्यांपासून आणि वादकापासून ३४ मीटरवर बसलेल्या माणसाला सूर सेकंदाच्या दहाव्या भागाइतक्या उशिरा ऐकू येतो आणि त्याचे गाणे वादकापर्यंत परत येण्यास तेवढाच वेळ लागतो. मिनिटाला १०० मात्रांची लय असेल तर एक मात्रा ०.६ सेकंदाची होते. म्हणजे शेवटच्या रांगेतील माणूस अगदी अचूक गात असला तरी वादकाला तो एक तृतीयांश मात्रा मागे ऐकू येतो. वादक त्याची वाट पाहू लागला की मंडळी आणखी मागे जाते आणि प्रत्येक कडवे आधीच्या कडव्यापेक्षा संथ होते. यावर उपाय एकच: लय स्वतःच्या मनात धरून ठेवायची आणि कानावर येणाऱ्या उशिराने ती ढळू द्यायची नाही. मंडळीकडे लक्ष तर द्यायचे, पण तिच्या मागे जायचे नाही, हे संतुलन कोणत्याही पुस्तकातून येत नाही.

गीतांचे छंद हा अभ्यासाचा असा भाग आहे जो मला अतिशय आवडतो. गीतसंग्रहात प्रत्येक चालीजवळ ओळींतील अक्षरसंख्या दिलेली असते: ८.६.८.६ हा सर्वांत परिचित छंद, ८.८.८.८ हा दीर्घ छंद आणि ६.६.८.६ हा लघु छंद. ‘ओल्ड हंड्रेड्थ’ या नावाने प्रसिद्ध असलेली चाल १५५१ च्या जिनिव्हा स्तोत्रसंग्रहातून आली आणि ती दीर्घ छंदाची असल्याने त्या छंदातील दुसरे गीतही तिच्यावर बसू शकते. मात्र अक्षरे जुळणे पुरेसे नसते. शब्दाचा जोर पहिल्या अक्षरावर आणि चालीचा जोर दुसऱ्या सुरावर पडत असेल तर गाणे पहिल्याच ओळीत अडखळते, म्हणून मी चाल बदलताना सर्व कडवी गाऊन पाहते.

पट्टी बदलून वाजवण्याची अनेक विद्यार्थ्यांना धास्ती असते. उपासनेत तिची गरज खरी आहे, कारण गायकवृंदाला सहज पेलणारी उंच चाल सकाळच्या वेळी, आवाज मोकळे झालेले नसताना, मंडळीला पेलत नाही. प्रत्येक सूर सुटा सुटा वर किंवा खाली सरकवण्याचा प्रयत्न केला तर चौथ्या-पाचव्या मात्रेलाच मन थकते. त्याऐवजी सप्तकातील सुराचे स्थान आणि हार्मनीची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या मेळाची) चाल लक्षात ठेवावी. षड्ज कोठेही धरला तरी सुरांमधील अंतरे तीच राहतात, हे मराठी संगीतश्रोत्याला मुद्दाम शिकवावे लागत नाही, आणि या बाबतीत आपल्या कानावरचा संस्कार फार मोठा आधार देतो असे मला वाटते. अवघड जाते ते पायांना, कारण पेडलवर पट्टी बदलली की टाच आणि चवडा यांचा सगळा क्रमच बदलतो.

बायबलमधील स्तोत्रांच्या गायनाचे तंत्र वेगळे आहे. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, पद्धतीच्या एकेरी चालीत १० सूर असतात आणि दुहेरी चालीत २०. ओळ कितीही लांब असली तरी तिचा बराचसा भाग एकाच सुरावर बोलीच्या ओघात म्हटला जातो. येथे मात्रा मोजणारा वादक हमखास चुकतो.

सादरीकरणासाठी मी जर्मन संगीतकार बाखच्या ‘ऑर्गेलब्युश्लाइन’ या ऑर्गनरचनांच्या संग्रहातील रचना निवडल्या आहेत. बाखने १६४ गीतचालींसाठी पाने आखून ठेवली होती आणि प्रत्यक्षात ४६ रचना पूर्ण केल्या. त्यांचा पहिला भाग चर्चच्या वर्षक्रमाने लावलेला आहे. त्यामुळे या रचनांचा अभ्यास करताना नाताळपूर्वीच्या आगमनकाळापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंतचे (ईस्टरपर्यंतचे) वर्ष आपोआप मनात बसते. लेखी भागासाठी लागणारी माहिती बरीचशी पाठांतराची आहे. ईस्टरचा रविवार २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान येतो, कॅथलिक उपासनेत ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील ऑर्गनवादन काही दिवस वगळता गायनाला आधार देण्यापुरतेच असते, अशा गोष्टी नीट टिपून ठेवल्या की पुरे.

सध्या माझा बराच वेळ गायकवृंदाच्या संचालनात जातो आहे. येथेही पुन्हा श्वासाशीच येऊन थांबावे लागते, कारण गाणे सुरू करणारा इशारा पहिल्या मात्रेचा नसतो, तर तिच्या आधीच्या मात्रेचा असतो आणि संचालकाने त्या मात्रेवर स्वतः श्वास घेतला तरच गायक एकत्र श्वास घेतात. परीक्षेत ठरावीक वेळात अपरिचित गायकांकडून एक छोटी रचना बसवून घ्यावी लागते. त्या वेळात लांब व्याख्यान देण्यास वाव नसतो. टेनरचा सूर उतरत असेल तर ‘ही जागा बासबरोबर पुन्हा गा आणि त्याचा सूर ऐका’ इतकेच सांगून लगेच गायला लावणे अधिक गुणकारी ठरते. अशा सूचना मी आता प्रत्येक रचनेसाठी आधीच लिहून काढते आणि मग त्यांतील निम्मे शब्द खोडते.