विरी

"तुमची भाकरी इतकी पातळ असूनही चिरत नाही आणि दर वेळी टम्म फुगते. पीठ कुठलं वापरता?" हा प्रश्न मला शेजारणींनी विचारलाय, ऑफिसात डबा उघडला की विचारला जातो, लेकीच्या मैत्रिणींनी तर माझ्या काठवटीचा फोटोही काढून नेलाय. आजवर मी "मंगळवेढ्याची ज्वारी" एवढंच सांगत आले. ते खरं आहे, पण अर्धंच. तुम्ही परवा पुन्हा विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

मी भाकरी शिकले चाळिशीला टेकल्यावर. पुण्यात वाढले, लग्नानंतर पोळ्याच केल्या. माहेरी भाकरी आई करायची आणि ती इतक्या सहज करायची की त्यात शिकण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलंच नाही. मग आईच्या बोटांना संधिवात झाला. आई-आप्पा माझ्याकडे राहायला आले. आप्पांना पोळीनं पोट भरल्यासारखं वाटेना, चार दिवस ते काही बोलले नाहीत, पाचव्या दिवशी म्हणाले, "चतकोर तरी भाकरी असती तर बरं झालं असतं." त्या संध्याकाळी मी पीठ घेऊन बसले. पहिली भाकरी उचलतानाच हातात तिचे तीन तुकडे झाले.

आईला हातानं दाखवता येत नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची, माझ्याकडे पाठ करून आप्पांशी बोलत, आणि मधेच म्हणायची, "थांब, पाणी जास्त झालंय." तिनं परातीकडे पाहिलेलंही नसायचं. थापण्याचा आवाज ऐकून सांगायची. पीठ सैल असलं की आवाज बसका येतो. कोरडं राहिलं असलं की थाप खडखडीत वाजते आणि कडेला भेगा पडायला लागतात. नीट मळलेल्या उंड्याचा आवाज भरीव आणि एकसारखा येतो. तो कानाला कळायला मला दोन महिने लागले. आता मला तो दुसऱ्याच्या घरी बसूनही ओळखू येतो, आणि याचा मला खरोखर अभिमान आहे.

तर पिठाबद्दल. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, म्हणून कणीक ताणली जाते, लाटली जाते. ज्वारीत ते नाही. ज्वारीचं पीठ एकत्र धरून ठेवायचं काम पाणी आणि तुमचा तळहात करतो. पिठाच्या या धरून राहण्याच्या गुणाला आई विरी म्हणते. पीठ ताजं असलं की विरी चांगली असते. दळून दिवस झाले की ती जाते, आणि मग कितीही मळलं तरी भाकरी कडेनं फाटत जाते. म्हणून मी एका वेळी दोन किलोच दळते आणि आठ-दहा दिवसांत संपवते. गिरणीत बारीक दळायला सांगते. "पीठ कुठलं" यापेक्षा "पीठ कधीचं" हे विचारा. दुकानातल्या पाकिटावरची दळल्याची तारीख आधी बघा, नाव नंतर.

जुन्या पिठाचीही भाकरी होते. पिठात मधोमध आळं करून उकळतं पाणी ओतायचं, चमच्यानं कालवून दोन मिनिटं झाकून ठेवायचं. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि गेलेल्या विरीची जागा बरीचशी भरून काढतो. आईच्या हातात हे १९७२ च्या दुष्काळात बसलं. तेव्हा रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची. आई सांगते की त्या पिठाला विरी म्हणून नव्हतीच, थापता थापता भाकरी तुटायची, आणि घरात खाणारी नऊ माणसं. उकळत्या पाण्याशिवाय इलाजच नव्हता. ताज्या मालदांडीला एवढं कढत पाणी लागत नाही, कोमट पुरतं.

मालदांडी म्हणजे आमच्या सोलापूरकडची रब्बीची ज्वारी. तिचं एम ३५-१ हे वाण मोहोळला निवडलं गेलं, त्यातला एम मालदांडीचा. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत पाऊस सरता सरता ही पेरतात आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. दाणा टपोरा, मोत्यासारखा; भाकरी पांढरी आणि गोडसर होते. पण ही ज्वारीसुद्धा महिनाभर पीठ होऊन डब्यात पडली तर भाकरी चिरणारच.

मळायचं एका वेळी एका भाकरीपुरतंच. तळहाताच्या टाचेनं पीठ पुढे रगडायचं, गोळा करायचं, पुन्हा रगडायचं. बोटांनी चिवडत बसलात तर होणार नाही. थापताना उंड्याखाली कोरडं पीठ पुरेसं हवं, म्हणजे भाकरी थापेबरोबर आपोआप फिरते. ती फिरायची थांबली की खाली चिकटली समजा. तेव्हा जोर लावू नका, कड अलगद उचलून पीठ भुरभुरा. एक हात थापतो, दुसऱ्या हाताची बोटं कडेला आधार देतात. मध्यभागी फार वेळ थापलं की तिथे पातळ होते आणि उचलताना तिथेच फाटते.

आता फुगण्याचं. तुमच्यापैकी बहुतेकींचं इथेच चुकतं असं मला वाटतं, कारण तुम्ही सगळं लक्ष थापण्यावर देता. भाकरी तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर येते. तिच्यावर लगेच हातानं पाणी फिरवायचं, कडांपर्यंत, सगळीकडे सारखं. त्या पाण्यानं वरचं कोरडं पीठ भिजतं, भाजताना त्याचा सलग पापुद्रा होतो आणि बारीक भेगा बुजतात. आतली वाफ मग बाहेर पडू शकत नाही, ती पापुद्रा उचलते. पाणी दिसेनासं होत आलं, पण पृष्ठभाग अजून ओलसर आहे, तेव्हाच उलटायची. आधी उलटली तर तव्याला चिकटते. पूर्ण वाळू दिली तर वर भेगा पडतात, वाफ तिथून निसटते आणि मग विस्तवावर धरून काही उपयोग नाही. ही वेळ फार तर दहा-पंधरा सेकंदांची असते. आई चुलीवर करायची तेव्हा दुसरी बाजू भाजून झाली की भाकरी चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करायची. मी गॅसवर चिमट्यानं धरते. फुगते तशीच, पण चव चुलीचीच चांगली, हे मान्य करावं लागतं.

एका पाककला स्पर्धेत माझं नाव द्यायला गेले तर तिथल्या बाईंनी सांगितलं, "भाकरी नको हो, काहीतरी पदार्थ आणा." मला ते फार लागलं. उकडीच्या मोदकाच्या कळ्या मीही मोजते, पुरणपोळीचंही मला कौतुक आहे. पण मोदकाची कळी बिघडली तर ती मोडून पुन्हा वळता येते. तव्यावरच्या भाकरीला तशी सवड नाही. पाणी किती, पीठ किती, उलटायची कधी, हे दोन-तीन मिनिटांत ठरतं, आणि पुढची भाकरी तोवर परातीत थापली जात असते. सोलापुरात कितीतरी बाया कागदासारखी पातळ कडक भाकरी थापून त्यावर घर चालवतात. त्यांच्या हाताला कसब म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

"तुमच्या हाताला चव आहे" असं कुणी म्हणालं की मला नको वाटतं. माझा हात जन्मतः असा नव्हता. तो शिकवला आईनं, माझ्याकडे पाठ करून बसून. आप्पा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. ते पापुद्रा आधी वेगळा काढतात, त्यावर लसणाची चटणी आणि तेल घालून खातात, मग खालची भाकरी आमटीत. कौतुक करत नाहीत. "अजून चतकोर" म्हणतात.

तेव्हा असं करा. ज्वारी दळून आणलीत की त्याच आठवड्यात शनिवारी संध्याकाळी या, पीठ घेऊन. काठवट माझ्याकडे आहे. आई दारातल्या खुर्चीत असेलच. ती तुमच्याकडे बघत नाहीये असं वाटेल, पण थापताना तिच्याकडे लक्ष ठेवा. सुरुवातीच्या चार-पाच भाकऱ्या तुटतील, त्या टाकू नका. तिला त्या दुधात कुस्करून खायला आवडतात.