एकच आयुष्य, तीनदा लिहिलेले

नववीत मराठीच्या बाईंनी जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका वर्गात वाचून दाखवली. १८७३ साली पुण्यात छापलेले हे पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले होते. गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी औदार्य दाखवले म्हणून. वाचून झाल्यावर बाईंनी विचारले, “आणि जे सुटले, त्यांनी काय लिहिलं? ते कोण वाचणार?” दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रंथालयातून एक पातळ इंग्रजी पुस्तक काढून माझ्या हातात दिले. अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मून पुढे पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे १८४५ सालचे आत्मकथन. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचून काढायला मला दिवाळीची सगळी सुट्टी लागली.

त्यातली एक जागा मी आजही पान न शोधता सांगू शकतो. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात मळ्यावरच्या गुलाम मुलांना थंडीत पायात काही नसे, अंगात एक जाडाभरडा सदरा तेवढा. डग्लस लिहितात, थंडीने माझे पाय इतके फुटले होते, की आत्ता ज्या लेखणीने हे लिहितो आहे ती त्या भेगांत मावली असती. एका वाक्यात भेगाळलेला पोर आणि लिहिता माणूस समोरासमोर आणले. निबंध कसा लिहावा हे मला त्या वाक्याने शिकवले.

ते लिहायला शिकले कसे, हीसुद्धा वाचण्यासारखी हकीकत आहे. बाल्टिमोरमध्ये मालकीणबाई सोफिया ऑल्ड यांनी त्यांना मुळाक्षरे शिकवायला घेतली. नवऱ्याने ते तिथल्या तिथे बंद पाडले. गुलाम वाचायला लागला की तो गुलाम म्हणून कामाचा राहत नाही, असे त्याने मुलादेखत बायकोला बजावले. सुटकेची वाट कुठून जाते हे पोराला त्या दिवशी कळले. मग रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पाव द्यायचा आणि बदल्यात धडा घ्यायचा, गोदीत लाकडाच्या ओंडक्यांवर सुतार जी अक्षरे लिहीत ती गिरवायची, मालकाच्या मुलाच्या जुन्या वह्यांत मोकळ्या सुटलेल्या ओळींत त्याचीच अक्षरे उतरवून काढायची, असे त्यांचे शिक्षण झाले. बूट पुसून साठवलेल्या पन्नास सेंटांत त्यांनी भाषणांचे एक पुस्तक विकत घेतले होते. पुढे त्यांचे स्वतःचे पुस्तकही पन्नास सेंटांनाच विकले गेले. ही गोष्ट मला अतिशय आवडते.

डग्लस म्हटले की बहुतेकांना हे एवढेच पुस्तक ठाऊक असते. मला इथे खरे तर पुढच्या दोन पुस्तकांविषयी लिहायचे आहे. आपले आयुष्य त्यांनी तीनदा लिहिले आणि प्रत्येक वेळी त्याला कारण होते.

पहिल्यांदा लिहिले ते पुरावा म्हणून. सुटल्यावर ते गुलामगिरीविरुद्ध सभांतून भाषणे करू लागले होते, आणि इतके सुंदर बोलणारा माणूस गुलाम असणे शक्य नाही, असे लोक म्हणू लागले. तेव्हा त्यांनी मालकांची नावे, गावे, सगळे छापून टाकले. ते स्वतः कायद्याने अजून पळालेले गुलामच होते, त्यामुळे पुस्तक निघाल्यावर त्यांना आयर्लंड-इंग्लंड गाठावे लागले. तिथल्या स्नेह्यांनी पैसे जमवून त्यांचे स्वातंत्र्य विकत घेतले. त्या पुस्तकाला गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या दोन गोऱ्या पुढाऱ्यांची प्रस्तावनापर शिफारस जोडलेली आहे. १८५५ च्या दुसऱ्या आत्मचरित्राला मात्र जेम्स मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टरांची प्रस्तावना आहे. मधल्या काळात डग्लस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला स्वतःचे वर्तमानपत्र चालवू लागले होते, जहाजावरच्या गुलामांच्या बंडावर त्यांनी एक दीर्घकथा लिहिली होती, आणि ५ जुलै १८५२ चे ते प्रसिद्ध भाषणही होऊन गेले होते: तुमच्या या स्वातंत्र्यदिनाचे गुलामाला काय? (दहावीच्या वक्तृत्व स्पर्धेत मी त्याचाच एक उतारा मराठीत करून म्हटला होता.) दुसऱ्या पुस्तकातला लेखक कुणाच्या आधाराने उभा नाही. आजीविषयी आणि आईविषयी तो आता सावकाश, जीव ओतून लिहितो.

तिसरे पुस्तक १८८१ चे. १८३८ साली आपण निसटलो कसे, हे पहिल्या दोन्ही पुस्तकांत त्यांनी सांगितले नव्हते. सांगितले असते तर मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली असती. गुलामी संपल्यावर ते सविस्तर सांगितले. खलाशाचा वेष आणि एका खलाशाचे उसने घेतलेले ओळखपत्र. त्यातले वर्णन त्यांच्याहून बऱ्याच काळ्या माणसाचे होते. आगगाडीतल्या कंडक्टरने ते नीट वाचले असते तर सगळे संपले असते. त्याने वरवर पाहिले आणि परत दिले.

हे पुस्तक फारसे खपले नाही. काही प्रकरणे संथ आहेत, पदे आणि समारंभ यांची गर्दी आहे, हे मान्य. तरीही १८९२ ची वाढवलेली आवृत्ती मी सर्वांना आग्रहाने सुचवतो, ती हैती या कॅरिबियन देशाविषयीच्या प्रकरणांसाठी. १८८९ ते १८९१ डग्लस हैतीत अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी होते. अमेरिकेला तिथे मोल सें-निकोलास हे बंदर आरमारी तळासाठी हवे होते. वाटाघाटींना अॅडमिरल घेरार्डी युद्धनौका घेऊन आले, हैतीचे परराष्ट्रमंत्री अँतेनोर फिर्मँ यांनी नकार दिला, आणि अमेरिकन वृत्तपत्रांनी खापर डग्लस यांच्यावर फोडले. त्यांनी राजीनामा दिला आणि ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’मध्ये दोन लेख लिहून आपली बाजू मांडली. गुलामांनीच बंड करून उभारलेल्या एका छोट्या देशाला मोठ्या देशाने कसे वागवावे, हा प्रश्न सत्तरी ओलांडलेला माणूस आपल्याच सरकारसमोर ठेवतो आहे. नोकरीत राहून आणि नोकरी सोडूनही सत्य लिहिता येते, हे मला तिथे दिसले. पुढे १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात हैतीने आपल्या दालनाची जबाबदारी त्यांच्यावरच सोपवली.

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तिन्ही पुस्तकांच्या प्रती मी शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. आठवी-नववीच्या मुलांनी १८४५ च्या पुस्तकाचे सातवे प्रकरण आधी वाचावे. लिहायला शिकण्याची हकीकत त्यात आहे आणि ते एका बैठकीत संपते. हैतीची प्रकरणे कॉलेजात गेल्यावर वाचा, पण वाचाच.